माळासाठी देशी गवताचं बी स्वतः पिकवायचंय? पहिल्या पिशवीपासून पहिल्या चराईपर्यंत

पहिल्या वर्षी आम्ही तीन पोती भरून गवताचं बी गोळा केलं. पोती बघून छाती फुगली होती अगदी. मग पाऊस तोंडावर आल्यावर ते सगळं उघड्या माळावर फेकलं आणि उगवलं काय, तर मोजून मूठभर रोपं, तीही दगडांच्या आडोशाला. नंतर कळलं की पोत्यात निम्म्याहून जास्त नुसती टरफलं होती, उरलेल्यातलं बरंच बी मुंग्यांनी नेलं आणि जे राहिलं ते कोवळं असताना ओढलेलं होतं. ज्वारी-बाजरी पेरणाऱ्या माणसाला वाटतं गवत काय, कुठेही उगवतं. उगवतं, पण त्याच्या वेळेला, आपल्या नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यंदा बी गोळा करू आणि पुढच्या पावसात अख्खा माळ हिरवा करू, असं होत नाही. पहिलं वर्ष गोळा करण्यात जातं, दुसऱ्या वर्षी छोटा प्लॉट लावायचा, त्या प्लॉटचं भरपूर बी तिसऱ्या वर्षी हातात येतं आणि मग पुढच्या पावसात माळ. हा हिशोब मान्य असेल तर पुढे वाचा.

1. आधी बघा, बी लागतंय तरी का

ही पायरी सगळे गाळतात, आम्हीही गाळली होती. माळ उजाड दिसतो म्हणजे गवत मेलंच असं नाही, कित्येकदा जमिनीत ठोंबं जिवंत असतात, फक्त जनावरं त्यांना डोकं वर काढू देत नाहीत. म्हणून माळावर तीन-चार ठिकाणी, साधारण 5 बाय 5 मीटरच्या जागा काटेरी फांद्यांनी नाहीतर जाळीने बंद करा आणि एक पावसाळा काहीही न करता सोडून द्या. पावसाळा संपल्यावर आत बारमाही गवताची ठोंबं दिसली, तर तुम्हाला बियाण्याची नाही, चराईबंदीची गरज आहे आणि हा लेख इथेच बंद केलात तरी चालेल. आत फक्त गाजरगवत, तरोटा आणि वर्षभरात मरणारी बारीक गवतं आली तर मात्र बी लागणार.

चौकटी एकाच जागी करू नका. उतारावर, सपाटीला, ओघळीजवळ अशा वेगवेगळ्या करा, कारण एकाच माळावर निम्म्या भागाला बी लागतं आणि निम्म्याला लागत नाही असंही निघतं, मग तेवढंच काम वाचतं.

2. कोणतं गवत ते नक्की करा

कोरड्या माळरानांवर जी बारमाही गवतं भेटतात त्यातली मारवेल, शेडा, पवना, डोंगरी, अंजन ही चाऱ्याला चांगली, आणि कुसळी ही पटकन पसरणारी पण त्रासदायक. गोंधळ असा आहे की नावं दर काही मैलांवर बदलतात, पवना म्हणून एकाने दाखवलेलं गवत दुसऱ्याचं शेडा निघतं. त्यामुळे शास्त्रीय नाव वहीत लिहून ठेवायची सवय लावा. मारवेल म्हणजे डायकॅन्थियम अ‍ॅन्युलेटम, शेडा म्हणजे सेहिमा नर्वोसम, डोंगरी म्हणजे क्रायसोपोगॉन फुल्व्हस, अंजन म्हणजे सेंक्रस सिलिअ‍ॅरिस, कुसळी म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. उच्चारताना जीभ अडखळली तरी चालेल, वहीत बरोबर असू द्या. ओळख पटत नसेल तर तुऱ्यासकट, मुळासकट एक झाड वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि वनस्पतीशास्त्राच्या एखाद्या मास्तरांना दाखवा. नुसत्या मोबाईलच्या फोटोवर गवत ओळखणं फार अवघड असतं.

देशी म्हणजे त्या जमिनीवरचं देशी, हेही लक्षात घ्या. अंजनचंच उदाहरण घ्या. आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात ते मूळचं आहे, पण तेच गवत चाऱ्यासाठी म्हणून ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात नेलं आणि तिथे ते तण होऊन बसलंय, वाळलं की वणव्याला सरपण पुरवतं. गवत चांगलं की वाईट हे जागेवर ठरतं. तसंच कुणी सहज म्हणतं की सोबत स्टायलो (चाऱ्याचं एक शेंगवर्गीय झुडूप) टाका, जनावरं आवडीने खातात. खातात हो, पण ते अमेरिका खंडाकडून आलेलं आहे. चाऱ्याच्या शेतात खुशाल लावा, देशी माळ परत उभा करायचा असेल तर नको.

बी शक्यतो तुमच्या माळासारखीच माती आणि तेवढाच पाऊस असलेल्या जागेवरून घ्या. काळ्या ओलसर बांधावरचं मारवेल मुरमाड उतारावर नेऊन लावलं तर ते रुसतं.

3. कागद आणि सामान

जमीन ज्याची त्याची परवानगी घ्या, लेखी. खासगी असेल तर मालकाची, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची, वनजमीन असेल तर वनखात्याची. गवत तर आहे, कोण विचारतंय, असं म्हणू नका. पोती भरताना कुणीतरी विचारतंच, आणि तेव्हा खिशात कागद असलेला बरा. जमलं तर त्या माळावर जे मेंढ्या-गुरं चारतात त्यांच्याशीही आधी बोला, कारण कुठलं गवत कुठे आणि कधी पिकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सामान फार नाही लागत: कापडी किंवा कागदी पिशव्या (प्लास्टिक अजिबात नको, बी आतल्या आत घामेजतं), विळा, जाड हातमोजे, ताडपत्री, दोन मापांच्या चाळण्या, सूप, भिंग, वही-पेन्सिल आणि लेबलं. भिंग विसरू नका, सगळ्यात जास्त तेच वापराल. लेबल पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक, कारण बाहेरचं हमखास फाटतं. वहीत तारीख, जागा, गवताचं नाव, किती झाडांवरून घेतलं आणि माती कशी होती एवढं टिपा. दोन वर्षांनी प्लॉटमध्ये कुठलं बी चाललं हे बघताना हीच वही कामाला येते.

4. गोळा करणं

गवताचं कणीस एकदम पिकत नाही. एकाच तुऱ्यात काही दाणे झडलेले, काही पिकलेले, काही चिकात असतात. त्यामुळे एका फेरीत काम उरकायचं डोक्यातून काढा आणि 8-10 दिवसांच्या अंतराने तीन-चार फेऱ्या धरा. पिकलं की नाही बघायची सोपी खूण: तुरा चिमटीत धरून हलकेच वर ओढा, बी आपोआप हातात आलं तर पिकलंय, हिसका द्यावा लागला तर थांबा. आमच्या पहिल्या तीन पोत्यांचा घोळ हाच होता, हिसके देऊन ओढलेलं सगळं.

दव उडाल्यावर जा. ओलं बी पिशवीत भरलं की रात्रीत तापतं.

आता दोन नियम. एक, त्या दिवशी जेवढं पिकलेलं दिसतंय त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही, बाकीचं त्या माळासाठी, पाखरांसाठी, मुंग्यांसाठी. दोन, कमीत कमी 50 झाडांवरून थोडं थोडं घ्या, तेही एका कोपऱ्यातून नाही, सगळीकडे फिरून. अंजन आणि कुसळी यांच्या बियातलं रोप बहुतेक वेळा नर-मादीच्या संयोगाशिवायच तयार होतं, म्हणजे बी दिसायला बी असलं तरी आतलं रोप आईची हुबेहूब नक्कल असतं. अशा गवताचं बी एकाच टपोऱ्या झाडावरून पोतंभर घेतलंत तर तुमच्या हातात एकच झाड आहे, हजार वेळा छापलेलं. एखाद्या वर्षी पाऊस रुसला किंवा रोग आला की सगळी एकदम बसतात.

5. वाळवणं आणि ठेवणं

सावलीत, ताडपत्रीवर, पातळ थर करून, दिवसातून दोनदा हात फिरवत वाळवा. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर टाकू नका. वारा असेल तर वरून जाळी टाका, नाहीतर शेजारच्याच्या अंगणात तुमचं गवत उगवेल. काडी वाकवल्यावर न वाकता कट्कन तुटली की वाळलं समजा.

ठेवायला कोरडी, अंधारी, थंड जागा. बियाणेवाले एक ढोबळ नियम वापरतात: बियातला ओलावा 1 टक्क्याने कमी झाला की बियाचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरलं तरी दुप्पट. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर ठेवलेलं बी आणि घरातल्या गार खोलीतलं बी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. उंदरांसाठी पत्र्याचा डबा वापरा, फक्त बी पूर्ण वाळल्याशिवाय झाकण घट्ट लावू नका.

आणि बी झोपतं हे माहीत असू द्या. अंजन, कुसळी, मारवेल अशा बऱ्याच गवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, काही महिने कोरडं पडून राहिल्यावर त्याची सुप्तावस्था सुटते. गोळा केल्यावर पंधरा दिवसांत उगवण बघितली आणि शून्य आली तर बी फेकून देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाने खरंच फेकलं, खतात, आणि पुढच्या पावसात त्याचा उकिरडा सगळ्यात हिरवा होता.

6. पोचट किती, भरीव किती

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळा पैसा आणि घाम इथेच वाया जातो.

मारवेल, शेडा, डोंगरी, कुसळी ही सगळी एकाच गोतातली. त्यांच्या तुऱ्यात कणिसकं (म्हणजे तुऱ्यातले फूल-दाण्याचे बारके नग) जोडीने येतात, डोंगरीत फांदीच्या टोकाला तीन तीन. त्यातलं एक देठाशिवाय चिकटलेलं असतं, सहसा कुसळवालं, दाणा त्यात भरतो. देठ असलेलं जोडीदार कणिसक बहुतेक नर किंवा वांझ असतं. म्हणजे झाड कितीही जोमदार असलं तरी पोत्यातला निम्मा माल जन्मापासूनच बी नाही! हे कळलं त्या दिवशी आम्ही दोघं खळ्यावर बसून नुसते हसत होतो, काय करणार. अंजनचं वेगळं, त्यात केसाळ झुबक्याच्या आत एक ते चार कणिसकं असतात, काही भरतात काही नाही.

तपासायचं कसं? पोत्याच्या वरून, मधून, तळातून चिमूट चिमूट घेऊन मिसळा आणि त्यातले 100 नग मोजून काढा. एकेक नखाने दाबा किंवा भिंगाखाली सोला. आत टणक, तपकिरी-पिवळसर दाणा लागला तर भरीव, दाबल्यावर चपटा झाला तर पोचट. 100 मध्ये 20-30 भरीव निघाले तरी नाराज होऊ नका, जंगली गवतात असंच असतं.

मग उगवण. त्याच पोत्यातले 100 भरीव नग ओल्या सुती फडक्यावर नाहीतर टिश्यूवर पसरा, गुंडाळा, डब्यात उबदार जागी ठेवा, फडकं कधी सुकू देऊ नका आणि पाणी तरंगूही देऊ नका. भाजीच्या बियासारखं आठवड्यात उरकत नाही, 3 ते 4 आठवडे बघायचं आणि कोंब आलेले मोजून काढून टाकायचे. ही टेस्ट पेरणीच्या महिनाभर आधी परत एकदा करा, तोवर झोपलेलं बी जागं झालेलं असतं.

हिशोब असा. समजा 10 किलो माल आहे, त्यात वजनाने 40 टक्केच खरं बी आणि त्यातलं 30 टक्के उगवतंय. 40 गुणिले 30 भागिले 100, म्हणजे 12 टक्के. तुमच्याकडे 10 किलो नाही, 1.2 किलो जिवंत बी आहे. कुणाकडून बी विकत घेताना किलोचा भाव विचारण्याआधी हा आकडा विचारा, आणि समोरच्याने नुसतं एकदम शुद्ध आहे हो असं सांगितलं तर चिमूटभर घेऊन त्याच्यासमोरच नखाने दाबून बघा.

7. बियाण्याचा प्लॉट

प्लॉट छोटा ठेवा, एकेका गवताला एक-दोन गुंठे, पण स्वच्छ. पेरण्याआधी एक-दोनदा पाणी देऊन तण उगवू द्या आणि खुरपून टाका. लव्हाळा आणि हरळी असलेली जमीन घेऊच नका, आयुष्य जाईल. गाजरगवताचं एक झाड जरी प्लॉटमध्ये पिकलं तर त्याचं बी तुमच्या बियात मिसळून माळभर जाणार, मग माळ सुधारायला गेलेला माणूस गाजरगवत वाटत फिरतोय अशी गत.

थेट पेरण्यापेक्षा रोपं करून लावणं परवडतं, कारण भरीव बी मोलाचं आहे. गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये बी टाकून वर फक्त अर्धा सेंटिमीटर माती-खताचं मिश्रण भुरभुरवा. खोल गेलं की संपलं, गवताच्या बारक्या दाण्यात वर यायला पुरेल एवढा शिधा नसतो. 4 ते 6 आठवड्यांची रोपं पावसाची उघडीप बघून, वापसा आल्यावर (ओल आहे पण चिखल नाही अशी जमीन झाल्यावर) लावा. दोन ओळींत 75 सेंटिमीटर, दोन झाडांत 50, असं धरलं तर गुंठ्याला साधारण 270 झाडं बसतात. दाट वाटलं नाही तरी भरू नका, मोकळ्या झाडाला तुरे जास्त येतात आणि मध्ये खुरपायला जागा राहते. मारवेल तर ठोंबं फोडूनही छान लागतं, पण मग आधी सांगितलेली 50 झाडांची गोष्ट विसरू नका, एकाच ठोंबाचे 200 तुकडे म्हणजे परत एकच झाड.

खत बेताचं. युरिया ओतला की पाला माजतो, ठोंबं लोळतात आणि दाणा भरत नाही. पहिल्या वर्षी बी कमी येतं, झाड मुळं करत असतं, त्यामुळे तेव्हाच प्लॉट मोडू नका, दुसऱ्या हंगामात खरं पीक दिसतं. फुलोऱ्यात तुऱ्यावर चिकट मधासारखे थेंब दिसले तर तो अरगट हा बुरशीचा रोग असू शकतो, बाजरीवाल्यांना माहीत आहे. ते तुरे कापून प्लॉटबाहेर जाळा, जनावराच्या तोंडात जाऊ देऊ नका.

8. कापणी आणि साफसफाई

हाताने ओढून घेणं हळू आहे पण माल सगळ्यात चांगला मिळतो. माणसं कमी असतील तर निम्मे तुरे पिकल्यावर विळ्याने तुरेच कापा, ताडपत्रीवर सावलीत टाका आणि 3-4 दिवसांनी हलवून झटका. उफणणी इथे फार चालत नाही, कारण दाणा आणि कोंडा दोन्ही हलके, वारा दोघांनाही घेऊन जातो. चाळणी आणि हात, दुसरा उपाय नाही. कुसळं असलेलं बी जुन्या टायरच्या रबरावर हलक्या हाताने चोळलं की कुसळं तुटतात आणि माल आटोपशीर होतो, पण जोर लावला तर दाणाही फुटतो. तोंडाला फडकं बांधा, कुसळं घशात गेली की दोन दिवस खोकत बसाल.

बी काढल्यावर उरलेली काडी फेकू नका. चाऱ्याला ती निकस असते, पण तिच्यात अडकलेलं बी असतं आणि माळावर पांघरूण म्हणून तिच्यासारखं काही नाही.

9. माळावर टाकणं

आधी पाणी अडवा, मग बी टाका. उतार असेल तर समतल चर, छोटे दगडी बांध, निदान उताराला आडव्या उथळ रेघा तरी. टणक जमिनीवर फेकलेलं बी पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जातं. अख्खा माळ नांगरू मात्र नका, जी चार ठोंबं जिवंत आहेत ती पण माराल आणि माती सुटेल.

पाभरीने पेरायचा विचार असेल तर सोडा, केसाळ बी चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यात, अडकून बसतं. ओलसर वाळूत किंवा बारीक शेणखतात मिसळून हाताने रेघेत टाका आणि पायाने दाबत चला, मातीखाली गाडायचं नाही, मातीला चिकटलं पाहिजे. एकदोन चांगले पाऊस होऊन जमीन भिजल्यावर टाका. कोरड्यात टाकायचंच असेल तर माती, शेणखत आणि थोडी वाळू यांच्यात घोळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, मुंग्यांपासून बरंच वाचतं. लाडूएवढे गोळे फोटोत छान दिसतात पण एका गोळ्यात 50 रोपं उगवून एकमेकांचा गळा धरतात. चिकणमाती जास्त झाली की गोळी गोटीसारखी टणक होते तेही बघा.

एकच गवत टाकू नका, तीन-चार मिसळा, आणि कुसळीचा वाटा थोडकाच ठेवा. तिचं कुसळ ओलाव्याने पिळत-सुटत बी जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं, म्हणून ती पटकन जम बसवते, पण तेच कुसळ मेंढ्यांच्या लोकरीत, कातडीत, डोळ्यात घुसतं. मेंढपाळ तुम्हाला शिव्या देतील आणि बरोबरच देतील.

वरून काडीचा पातळ थर आणि त्यावर काटेरी फांद्या. थर जाड झाला तर रोपाला ऊन मिळत नाही, खालची माती इथेतिथे दिसली पाहिजे.

10. जनावरं कधी सोडायची

पहिल्या वर्षी नाही, एक शेळीसुद्धा नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर माळ बघून निराश व्हाल, कारण वर सगळं तणच दिसतं आणि आपलं गवत बोटभर. गुडघ्यावर बसून बघा, चौरस मीटरला 4-5 ठोंबं टिकलेली असतील तर काम झालंय. दुसऱ्या वर्षी बी झडू द्या, मग विळ्याने 10 ते 15 सेंटिमीटर ठेवून कापा आणि चारा घरी न्या. तिसऱ्या वर्षी ज्या भागात चराई सोडायचीय तिथे जाऊन दहा-बारा ठोंबं हाताने तशी ओढा जशी गाय जिभेने ओढते. पात तुटून हातात आली तर गुरं सोडा. मुळासकट ठोंब हातात आलं तर ते परत लावा, पाय देऊन दाबा आणि अजून एक पावसाळा फाटक बंद ठेवा.